पांढरा उपास

९ जुलै

आजपासून अबाहांनी पांढरा उपास धरला. पहाटे हौदावर हातपाय-तोंड धुऊन वजू करून आले, उपासाची नियत म्हणजे संकल्प केला, मूठभर बिनमिठाचा भात पाण्याबरोबर गिळला आणि तालमीच्या ओसरीवर जाऊन बसले. आता दिवसभर काही नाही. सूर्य बुडाला की पुन्हा तेवढाच पांढरा भात आणि पाणी. मीठ, तेल, मिरची काही म्हणजे काही नाही.

पूर्वी नव्या पोरांना शपथ द्यायची असली की त्याच्या आधी ते हा उपास धरायचे. आई गेल्यापासून धरला नव्हता. या खेपेला शपथ गेल्या शुक्रवारीच झाली आणि उपास मागून आला. मला जरा उलटं वाटलं. पण वडिलांना काय विचारायचं?

त्या शुक्रवारचं लिहायचं राहूनच गेलं. नवी पोरं माना खाली घालून ओळीत बसली होती. अबाह एकेक ओळ म्हणत होते, पोरं मागून म्हणत होती. आईबापाचा शब्द मोडणार नाही. गुरूचा शब्द मोडणार नाही. हात आधी उचलणार नाही. इथवर आले आणि अबाह थांबले. इतका वेळ थांबले की पोरं चोरून एकमेकांकडे बघायला लागली. मग ते उठले, माझ्याकडे स्वयंपाकघरात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हात आधी उचलणार नाही, याच्यापुढे काय येतं गं?"

परीक्षा घेत होते माझी. मी शपथ कधी घेतलेली नाही, पण चुलीपाशी बसून लहानपणापासून ऐकत आले आहे. मी म्हटलं, खोटं बोलणार नाही. त्यांनी मान डोलावली, परत गेले आणि उरलेली शपथ पुरी केली. मला आतून फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी तालमीतलं मला काही विचारलं नव्हतं.

यायात म्हणाला, त्या शांततेत त्याच्या अंगावर काटा आला. अबाह वरच्यांचं काहीतरी ऐकत होते, असं त्याचं म्हणणं. यायात सगळ्यांत जुना शिष्य. फाट्यावर त्याचं मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान आहे. माझ्याहून मोठा आहे, तरी गुरूची मुलगी म्हणून मला तेतेह, म्हणजे थोरली बहीण म्हणतो.

१३ जुलै

आज अबाहांनी यायातला "कर्ना" म्हणून हाक मारली. दोनदा. कर्ना म्हणजे त्यांचा तरुणपणीचा सोबती, मी जन्मायच्या आधी नदीला पूर आला तेव्हा वाहून गेलेला. यायात तसाच उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला. म्हणाला, "तेतेह, अबाहांना गेलेली माणसं दिसतात. कर्ना माझ्या मागे उभे होते."

मीही परवा अबाहांना हौदापाशी कुणाशी तरी बोलताना ऐकलं होतं. तिथे कुणी नव्हतं. मी ते यायातला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कळत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मगरिबच्या नमाजानंतर नदीपलीकडची दोन माणसं नुसता त्यांचा हात कपाळाला लावायला आली.

१७ जुलै

उपासाचे ठरलेले दिवस आज संपले. मी सकाळपासून राबत होते. नारळाच्या दुधातला पिवळा भात, भाजलेली कोंबडी, केळीच्या पानात वाफवलेला मासा, ठेचा. शिष्य गोल करून बसले. उपास सोडताना गुरूने जिभेवर मिठाचा कण ठेवायचा असतो. अबाहांचे गुरू कधीच गेले, म्हणून अबाह स्वतःच ठेवतात. मी मिठाची वाटी पुढे केली.

अबाहांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे कशाला? आज माझा पहिला दिवस आहे."

अबाहांनी पांढरा भात मागितला, खाल्ला आणि जप करायला आत गेले. यायात हलक्या आवाजात म्हणाला की अबाहांनी दुसरा फेरा घेतला. मोठी माणसं घेतात. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं असं लिहिते.

जेवण शेजाऱ्यांकडे वाटलं. कोंबडीला कुणी नको म्हटलं नाही.

२४ जुलै

अबाहांची लुंगी कमरेवर राहत नाही. पट्टा आवळायला त्यांनी स्वतःच खिळ्याने नवं भोक पाडलं. एके काळी हा माणूस उधळलेला रेडा शिंगाला धरून बसवायचा. मोडलेले हात बसवून घ्यायला लांबलांबून लोक यायचे, आणि अबाहांनी नुसता तळवा ठेवला तरी रडणारं पोर गप्प व्हायचं.

आज धीर करून म्हटलं, "अबाह, फेरा पुरा झाला. दुसराही संपत आला. आता सोडा."

ते इतके चिडले की मी मागे सरले. "माझा उपास तू मला शिकवतेस?" माझ्यावर त्यांनी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. थोड्या वेळाने मऊ आवाजात विचारलं, आई बाजारातून आली का. मी म्हटलं, नाही अजून.

याचाही काही वेगळा अर्थ असेल. त्यांचं बोलणं पुष्कळदा दुहेरी असतं.

२८ जुलै

भाताच्या पाण्याऐवजी आज मी कोंबडीचं पातळ पाणी घातलं, गाळून, चिमूटभर मीठ टाकून. रंग दिसत नव्हता. पहिल्या घासालाच त्यांना कळलं. थुंकले, आणि मग रडायला लागले. मोठ्याने नाही. हात मांडीवर ठेवून, ताठ बसून. म्हणत होते, मोडला, माझ्या हातून मोडला, आता पहिल्यापासून.

मी पाय धरले. सांगितलं की मी घातलं, तुमची चूक नाही. त्यांनी ऐकल्यासारखं वाटलं नाही. उलट मलाच थोपटत म्हणाले, "रडू नको, मी परत धरीन."

१ ऑगस्ट

माझा भाऊ देदेन बेकासी शहरातून आला, तिथल्या कारखान्यातून कशीबशी रजा काढून. वडिलांना पाहिलं आणि दारातच बूट काढायचं विसरला. तिथल्या तिथे गाडी करून तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. मीही गेले.

अबाह तिथे इतके छान वागले! डॉक्टरीणबाईंना दुखऱ्या मानेवर कुठे दाबायचं ते दाखवलं. देश कुणाच्या हाती आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "माझ्या हातात तरी नाही बाई." सगळे हसले. पण वर्ष कोणतं, ते त्यांना सांगता आलं नाही. नंतर डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाहेर नेऊन सांगितलं की हा विसरायचा आजार आहे. बरा होत नाही. रोज पहाटे त्यांना खरंच तो पहिला दिवस वाटतो. कसंही करून खायला घाला, नाहीतर आजाराच्या आधी भूकच त्यांना नेईल.

घरी आल्यावर देदेन यायातवर तुटून पडला. "तुम्ही लोक माझ्या बापाला अवलिया करून मारताय."

यायातने मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "गुरूचा शब्द मोडणार नाही अशी शपथ आहे, देदेन. तूही घेतली आहेस."

देदेनने अबाहांना धरून भरवून पाहिलं. अबाहांनी नुसतं मनगट फिरवलं आणि देदेन जमिनीवर. इतक्या अशक्त अंगात तो डाव अजून होता. देदेन पडल्या पडल्या हसला आणि मग तोंड झाकून राहिला. उद्या पहाटेची गाडी आहे त्याची.

डॉक्टरीणबाईंना उपास म्हणजे काय ते ठाऊक नसेल, असं मी येताना गाडीत मनाशी म्हणत होते. पण मग हौदापाशी कोण होतं, आणि यायातच्या मागे कोण उभं होतं? शपथेच्या शुक्रवारी अबाह जिथे अडले त्या ओळीचाही विचार आला. तो तिथेच सोडून देऊन मी शिवणाला बसले.

६ ऑगस्ट

शुक्रवारची तालीम. पोरं दुप्पट झाली आहेत. सगळ्यांना आतलं बळ बघायचं होतं: समोरच्याने रागाने धावून यायचं, अबाहांनी लांबूनच तळवा उचलायचा, आणि समोरच्याचा राग त्याच्यावरच उलटून तो उडून पडायचा. मी लहानपणापासून पाहत आले आहे.

यायात ओरडत धावला. अबाहांनी हात उचलला. यायात पडला, नेहमीसारखा, पाठीवर, दूरवर. पोरांच्या तोंडून आवाज निघाला. मग अबाह स्वतःच हळूहळू खाली बसले, गुडघ्यातली दोरी तुटल्यासारखे. पोरं म्हणाली, बळ इतकं होतं की परत फिरलं.

नंतर यायात विहिरीवर हातपाय धूत होता. मी पाणी द्यायला गेले, तर तो रडत होता. म्हणाला, "तेतेह, मी आधीच पडलो. त्यांचा हात वर यायच्या आधी. त्यांना वेळ लागत होता."

मी विचारलं, नेहमी असंच असतं का.

त्याने दुसऱ्या पायावर पाणी ओतलं. "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. आतापर्यंत कधी बघायला थांबलोच नाही."

मग त्यानेच सुचवलं की हा उपास सोडवू शकेल असा एकच माणूस जिवंत आहे. उवा जुमहाना. अबाहांचे गुरुबंधू, वयाने मोठे म्हणून आम्ही त्यांना उवा, म्हणजे थोरले काका म्हणतो, दोघं एकाच गुरूंच्या हाताखाली वाढले. पण त्यांनी एकदा भर लग्नात म्हटलं होतं की आतलं बळबिळ सगळं थोतांड, सोबांदी, म्हणजे अबाह, हवेत माणसं पाडतो. तेव्हापासून अबाहांनी त्यांचं नाव घेतलेलं नाही. आमच्या घरात त्यांच्या तळ्यातला मासासुद्धा येत नाही.

९ ऑगस्ट

डोंगर उतरून उवा जुमहानांकडे गेले. तळ्याच्या बांधावर बसून माशांना कोंडा टाकत होते. मला पाहून ओळखलं, पण उठले नाहीत.

"सोबांदीची पोर ना तू? काय म्हणतो तो? अजून हवेत माणसं पाडतो का?"

मी सगळं सांगितलं. आधी ते मधेमधे टोमणे मारत होते. पांढऱ्या भातावर जगायला तो काय बदक आहे का, वगैरे. मग कोंडा संपला तरी हात टोपलीतच होता.

म्हणाले, मी आलो तर तो मला दारातून हाकलेल.

मी म्हटलं, "उवा, त्यांना भांडण आठवत नाही आता."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे ते आठवणारा मी एकटाच उरलो."

येतो की नाही ते सांगितलं नाही. जाताना म्हणाले की लहानपणी उपासात मीठ चोरून चाटायचे ते दोघं, आणि पकडला जायचा नेहमी सोबांदीच, कारण त्याला खोटं बोलता यायचं नाही.

११ ऑगस्ट

आले. सूर्य टेकायला आला तेव्हा अंगणात खोकला ऐकू आला. काठी टेकत, पाठीला मासा बांधलेला. अबाह ओसरीवर बसले होते.

अबाहांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो तसा कधी पाहिलेला नाही. "जुमहाना! इतका उशीर?"

"गुरूंनी थांबवून घेतलं," उवा म्हणाले. एवढं खोटं ते किती सहज बोलले. "ऊठ. आज आपला शेवटचा दिवस. मला सोडवायला पाठवलंय."

"शेवटचा?" अबाहांनी मावळतीकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं. "मला वाटलं..."

"तुला काय वाटायचं ते वाटू दे. तोंड उघड."

मिठाचा कण. मग मासा, भात, ठेचा. अबाह मिटक्या मारत जेवले, काटेसुद्धा चोखले. उवा त्यांच्याच पानातून खात होते. यायात दाराआड उभा होता, मी चुलीपाशी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

१२ ऑगस्ट

पहाटे हौदावर पाणी वाजलं. मी अंथरुणातच ऐकत पडले. वजू. मग नियत. मग अबाह चुलीपाशी आले आणि म्हणाले, "इमास, आजपासून माझा पांढरा उपास आहे. मीठ घालू नको."

मी यायातला उवांकडे पाठवलं. संध्याकाळी ते पुन्हा आले, पुन्हा अंगणात खोकले. "ऊठ, सोबांदी. आज शेवटचा दिवस."

२० ऑगस्ट

रोज येतात. रोज डोंगर चढून, रोज एक मासा. कधी यायात मोटारसायकलवर मागे बसवून आणतो, कधी ते चिडून चालतच येतात. मी म्हटलं, उवा, किती त्रास. म्हणाले, "बरं आहे की. इतक्या वर्षांची बोलणी राहिलीत. त्याला रोज नव्याने सांगता येतात, तो कंटाळत नाही."

एकदा मी ऐकलं, ते अबाहांकडे त्या लग्नातल्या बोलण्याबद्दल माफी मागत होते. अबाहांनी मोठ्या मनाने माफ केलं आणि विचारलं, कुणाचं लग्न? दुसऱ्या दिवशी उवांनी पुन्हा मागितली.

अबाहांच्या गालावर थोडं मांस आलं आहे. यायातने तालीम बंद ठेवली आहे, नव्या पोरांना सांगितलं की अबाह एकांतात आहेत. पण त्याला बोचतं. काल म्हणाला, आपण त्यांना त्यांच्याच उपासात फसवतोय, तेतेह.

२७ ऑगस्ट

उवा आले नाहीत. अंधार पडल्यावर त्यांच्या सुनेचा निरोप आला: बांधावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या इस्पितळात नेलंय. उवांनी निरोपात सांगितलं होतं की इमासने सोडवावा.

मी मीठ घेऊन अबाहांसमोर बसले. म्हटलं, आज शेवटचा दिवस. ते हसले, लहान मुलाला हसावं तसे. "तुला कुणी पाठवलं?" उवांसारखं खोटं बोलायला मला येत नाही.

अबाह पांढरा भात खाऊन झोपले.

२ सप्टेंबर

यायातने करून पाहिलं. आंघोळ करून, तालमीचा काळा पोशाख घालून आला, पण मीठ उचलताना कण चटईवर सांडला. अबाहांनी त्याला जवळ घेऊन समजावलं की शिष्याने गुरूचा उपास सोडवायचा नसतो बाळा, हे तुला कुणी शिकवलं नाही का. आज त्याला कोणत्या नावाने हाक मारली ते यायातने मला सांगितलं नाही.

देदेनशी फोनवर बोलले. तो म्हणतो नाकातून अन्नाची नळी घाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते ती ओढून काढतील, हात बांधावे लागतील. त्यांचे हात बांधायचे.

आता त्यांना ओसरीपर्यंतही धरून न्यावं लागतं. श्वास मात्र तालमीतलाच चालू आहे, बेंबीखाली धरून, सावकाश सोडत. कधीकधी सोडायला इतका वेळ घेतात की मी उठून बघते.

५ सप्टेंबर

आज मी समजावणं सोडून दिलं होतं. शिवण केलं नाही, जेवले नाही. सूर्य खाली आला तशी भाताची ताटली, पाणी, मीठ, कालचा माशाचा तुकडा असं सगळं घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि नुसती बसून राहिले. मांडीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होते.

तेही माझ्याकडे बघत होते. खूप वेळ. मग त्यांनी लुंगी सारखी केली, भिंतीला धरून उठले, गुडघ्यांवर आले आणि पुढे वाकून माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. कपाळाला लावला. शिष्य लावतात तसा.

"माझं झालं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "अबाह, मी इमास."

ते हलले नाहीत. कपाळ माझ्या हातावर तसंच होतं, गरम आणि हलकं. हात काढून घ्यायला हवा होता. बापाने मुलीच्या हातावर डोकं टेकवलेलं मी कुठे पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही. ते वाट बघत होते. मी पुन्हा सांगितलं असतं तर त्यांनी डोकं उचललं असतं, आणि पांढरा भात मागितला असता.

मी म्हटलं, "झालं. आज शेवटचा दिवस."

त्यांनी तोंड उघडलं. मी मीठ ठेवलं. मासा काटे काढून भरवला. माझ्यासमोर ते अगदी अदबीने जेवले, घास लहान, नजर खाली. संपल्यावर बोटं धुतली आणि तसेच बसून राहिले. मी विचारलं, काही हवंय का.

"परवानगी असेल तर घरी जाईन म्हणतो," ते म्हणाले. "पोरगी एकटी आहे घरात. लहान आहे अजून, अंधाराला भिते."

मी उठून दिवा लावला आणि त्यांना म्हटलं, जा.